तीन प्रथिनांचं घड्याळ
दर सहा तासांनी ज्याचे एकाचे दोन होतात, त्याला चोवीस तासांचं घड्याळ कशाला हवं? सकाळी जन्मलेला जीवाणू दिवेलागणीपर्यंत आजोबा झालेला असतो. झाडाला, माशीला, माणसाला जैविक घड्याळ असतं हे मान्य होतं; पण केंद्रकसुद्धा नसलेल्या जीवाला ते असेल, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

पहिला धक्का दिला भातखाचराने. तायवानमध्ये भातशेतीतून मिळालेला एक सायनोबॅक्टेरिया (आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो त्यातला) हवेतला नायट्रोजन रात्रीच पकडायचा. त्यामागे कारण आहे. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि नायट्रोजन पकडणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं. म्हणून दोन कामांच्या दोन पाळ्या. गंमत अशी, की सतत उजेडात ठेवलं तरी त्याने पाळ्या मोडल्या नाहीत. हे १९८६ साली प्रसिद्ध झालं.

पण रात्रंदिवस जीवाणूंवर लक्ष ठेवणार कोण? ताकाओ कोंडो, सुसान गोल्डन आणि कार्ल जॉन्सन या संशोधकांनी १९९३ मध्ये ते काम जीवाणूंवरच सोपवलं. समुद्री जीवाणूंना चमक देणारे जनुक त्यांनी एका सायनोबॅक्टेरियात घातले. मग ही चमक रोज ठरल्या वेळी वाढायची, ठरल्या वेळी ओसरायची. वेळ चुकणारे नगही आपोआप उघडे पडू लागले: कुणाचा 'दिवस' १६ तासांचा, कुणाचा ६०! त्यांच्यातला बिघाड शोधता शोधता १९९८ मध्ये तीन जनुक सापडले: काई-ए, काई-बी आणि काई-सी. जपानीत 'काई' म्हणजे फेरा. हिंदीत काई म्हणजे शेवाळ, हा मात्र निव्वळ योगायोग.

माझ्या मते खरी कमाल २००५ ची. जपानी संशोधकांनी परीक्षानळीत फक्त या तीन जनुकांपासून बनणारी तीन प्रथिनं आणि ऊर्जेसाठी एटीपी (पेशीतलं इंधन) घातलं. ना पेशी, ना जनुक. तरी नळीत चोवीस तासांचा फेरा सुरू झाला आणि दिवसामागून दिवस चालू राहिला! काई-सी हे सहा तुकड्यांचं कडं. काई-ए त्यावर फॉस्फेट (एक छोटा रासायनिक गट) चढवायला लावतं. ते पुरेसं चढलं की काई-बी येऊन चिकटतं आणि काई-एला अडकवून ठेवतं. मग फॉस्फेट उतरू लागतं, उतरलं की काई-ए सुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. हा कारभार कमालीचा संथ आहे. काई-सीचा एक रेणू दिवसभरात जेमतेम १५ एटीपी खर्च करतो. शिवाय रासायनिक क्रिया उष्णतेने भराभर होतात, पण २५ अंश असो की ३५, या घड्याळाचा फेरा जवळपास तेवढाच राहतो. पेशी दुभंगली तरी ही प्रथिनं दोन्ही लेकींच्या वाट्याला येतात, त्यामुळे वेळ हरवत नाही.

राहिला पहिला प्रश्न: घड्याळ कशाला हवं? १९९८ मध्येच त्यासाठी शर्यत लावली होती. छोट्या आणि लांब 'दिवसा'चे जीवाणू एकाच भांड्यात वाढवले. ११ तास उजेड, ११ तास अंधार ठेवला तेव्हा छोट्या दिवसाचे जिंकले. १५-१५ तास ठेवला तेव्हा लांब दिवसाचे. दिवा सतत चालू ठेवला, तेव्हा मात्र कुणीच कुणाला मागे टाकलं नाही.