जूनो पुरस्कार : कॅनडाच्या संगीताची ओळख आणि त्यामागचे रेडिओचे राजकारण

जूनो पुरस्कार हा कॅनडातील ध्वनिमुद्रित संगीताचा सर्वांत मोठा राष्ट्रीय सन्मान मानला जातो. आज तो भव्य मंचावरून देशभर प्रक्षेपित होतो. मात्र त्याची मुळे मैफलींपेक्षा रेडिओ केंद्रांच्या कारभारात अधिक खोल गेलेली आहेत, आणि त्याच्याभोवतीचे बहुतेक वाद ‘कॅनडाचा कलावंत म्हणायचे कोणाला’ या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

१९६०च्या दशकात कॅनडातील रेडिओवर अमेरिकन आणि ब्रिटिश तबकड्यांचेच राज्य होते. सीमेपलीकडची प्रचंड बाजारपेठ, तीच भाषा आणि तिकडून आयती येणारी लोकप्रियतेची यादी यांमुळे केंद्रचालकांना स्थानिक गायकांवर जोखीम घेण्याचे कारणच नव्हते. पॉल अँका, नील यंग, जोनी मिचेल यांच्यासारखे कलावंत नाव कमावण्यासाठी अमेरिकेत गेले, ते यामुळेच. १९६५ साली विनिपेगच्या एका वाद्यवृंदाची तबकडी बाजारात आणताना क्वालिटी रेकॉर्ड्स या कंपनीने लेबलावर वाद्यवृंदाचे नावच छापले नाही. त्याऐवजी ‘गेस हू?’, म्हणजे ‘ओळखा पाहू?’, एवढेच शब्द टाकले. हे कोणी ब्रिटिश वादक असावेत असे निवेदकांना वाटावे आणि कॅनडाचा माल म्हणून तबकडी बाजूला पडू नये, हा त्यामागचा हिशेब होता. युक्ती इतकी लागू पडली की पुढे तेच त्या वाद्यवृंदाचे कायमचे नाव झाले. मालाचा मूळ देश लपवल्याशिवाय तो त्याच देशात खपत नाही, अशी ती अवस्था होती.

या पार्श्वभूमीवर वॉल्ट ग्रीलिस यांनी फेब्रुवारी १९६४ मध्ये टोरंटोहून ‘आरपीएम’ हे संगीत व्यवसायाला वाहिलेले साप्ताहिक सुरू केले. ग्रीलिस पूर्वी पोलीस सेवेत होते आणि नंतर रेकॉर्ड कंपन्यांच्या प्रसिद्धीचे काम करू लागले होते. निर्माते स्टॅन क्लीस हे त्यांचे मित्र आणि सहकारी. साप्ताहिकाने त्याच वर्षाच्या अखेरीस वाचकांकडून पसंतीची मते मागवली आणि निकाल छापले. समारंभ वगैरे काही नव्हता. सहा वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९७० रोजी, टोरंटोच्या सेंट लॉरेन्स हॉलमध्ये ‘गोल्ड लीफ’ या नावाने पहिला प्रत्यक्ष सोहळा झाला. मेट्रोनोमच्या, म्हणजे ताल मोजणाऱ्या यंत्राच्या, आकाराचे अक्रोडाच्या लाकडाचे सन्मानचिन्ह क्लीस यांनीच घडवले होते. एका छोट्या व्यावसायिक साप्ताहिकाने घरच्या कार्यासारखा उरकलेला हा सोहळा पुढे राष्ट्रीय संस्था बनेल, असे त्या वेळी फारसे कोणाला वाटले नसावे.

पुरस्कारांचे नाव बदलले ते सरकारी धोरणामुळे. १९६८ साली स्थापन झालेल्या रेडिओ-टेलिव्हिजन आयोगाचे, म्हणजे सीआरटीसीचे, पहिले अध्यक्ष पिएर ज्युनो यांनी देशी संगीताचा किमान वाटा सक्तीचा करण्याचा आग्रह धरला. जानेवारी १९७१ पासून एएम केंद्रांवर सकाळी सहा ते मध्यरात्र या वेळेतील ३० टक्के संगीत कॅनडाचे असणे बंधनकारक झाले. त्याच सुमारास ‘आरपीएम’च्या वाचकांनी पुरस्कारांना ज्युनो यांचे नाव सुचवले आणि स्पेलिंग सुटसुटीत करून ते ‘जूनो’ झाले. प्रसारण नियामकाच्या नावावरून संगीत पुरस्काराचे नाव पडल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

गाणे ‘कॅनडाचे’ कधी समजायचे, यासाठी क्लीस यांच्याच कल्पनेतून ‘एमएपीएल’ ही पद्धत आली. संगीत, कलावंत, निर्मिती आणि शब्द या चारपैकी दोन गोष्टी देशी असल्या की गाणे पात्र ठरे. केंद्रचालकांनी आधी कुरकुर केली आणि मग पळवाट काढली. अनेक केंद्रांनी देशी गाणी अगदी सकाळच्या आणि रात्री उशिराच्या वेळेत एकगठ्ठा वाजवून कोटा भरला. व्यवसायातील लोक या वेळेला उपहासाने ‘बीव्हर अवर’ म्हणत. बीव्हर हा कॅनडाचा राष्ट्रीय प्राणी. तरीही या सक्तीमुळे देशात स्टुडिओ, निर्माते आणि रेकॉर्ड कंपन्या यांना स्थिर काम मिळाले, हे नाकारता येत नाही.

एका साप्ताहिकाच्या हातात राष्ट्रीय पुरस्कार असणे रेकॉर्ड कंपन्यांना फार काळ रुचले नाही. त्यातून ‘कॅरास’ ही अकादमी उभी राहिली, आणि १९७५ साली सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने जूनो सोहळा प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखवला. सूत्रसंचालक होते पॉल अँका, म्हणजे अमेरिकेत जाऊन नाव कमावलेलेच कलावंत.

विरोधाची ठिणगी नेमकी येथेच पडली. लोकगायक स्टॉम्पिन टॉम कॉनर्स यांनी १९७८ साली आपले सहाही जूनो परत केले. अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथेच काम करणाऱ्या गायकांना कॅनडाचे पुरस्कार का द्यावेत, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. पुढे १९९१ मध्ये प्रश्न उलट दिशेने आला. ब्रायन ॲडम्स यांच्या अल्बममधील गाणी परदेशी निर्मात्याच्या भागीदारीत लिहिलेली असल्याने रेडिओच्या नियमानुसार ती ‘कॅनडाची’ ठरली नाहीत. जूनोची पात्रता मात्र गाण्यावर नव्हे, कलावंताच्या नागरिकत्वावर व निवासावर ठरते, त्यामुळे एकच गायक एका यादीत देशी आणि दुसरीत परका झाला. १९९३ मध्ये आयोगाने सहलेखनाचा नियम शिथिल केला. कॉनर्स यांचा आक्षेप मात्र नियमाने मिटण्यासारखा नव्हता.

फ्रेंच भाषक क्युबेकने या साऱ्यापासून अंतर राखून १९७९ पासून स्वतःचे फेलिक्स पुरस्कार सुरू केले. रॅपसाठी विभाग १९९१ पासून होता, पण त्याचा पुरस्कार मुख्य प्रक्षेपणाबाहेर उरकला जाई. १९९८ मध्ये व्हॅंकूव्हरच्या रास्कल्झ या गटाने तो नाकारला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी त्याला मुख्य मंच मिळाला. मूलनिवासी संगीताचा विभाग १९९४ मध्ये आला.

अलीकडे पंजाबी संगीतानेही या व्यासपीठावर जागा मिळवली आहे. २०२३ मध्ये एपी धिल्लों यांनी सोहळ्यात पंजाबी गाणे सादर केले, आणि २०२४ मध्ये चाहत्यांच्या मतांवर ठरणारा पुरस्कार करण औजला यांनी जिंकला. ‘एमएपीएल’च्या चार निकषांत भाषेचा उल्लेखच नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. २०२५ मध्ये मात्र अकादमीने गायिका बफी सेंट-मेरी यांना दिलेले जूनो आणि हॉल ऑफ फेममधील स्थान काढून घेतले. त्यांच्या मूलनिवासी वंशाच्या दाव्यावर २०२३ पासूनच वाद सुरू होता. पण अकादमीने पुढे केलेले कारण त्या कॅनडाच्या नागरिक नाहीत, हे होते.