जाड-बारीक रेघांचा शीर्षक टाइप: काम देण्याआधी वाचा

लग्नपत्रिका, कवितासंग्रहाचे मुखपृष्ठ, सराफी पेढीचा फलक, अत्तराच्या बाटलीचे लेबल. अशा कामांसाठी बरेच ग्राहक मोबाइलवर एक नमुना घेऊन येतात. उभ्या रेघा भरदार, आडव्या अगदी बारीक आणि टोकांना सपाट, धारदार सेरिफ, म्हणजे रेघेच्या टोकाची छोटी आडवी पट्टी. हे अक्षर देखणे आहे आणि आम्हालाही मनापासून आवडते. पण ते मोठ्या आकारासाठीच घडवलेले आहे. ते लहान आकारात वापरले, तर छापून आलेले काम पाहून तुमचाच विरस होतो, म्हणून हे माहितीपत्रक.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फर्मां दिदो आणि इटलीतल्या पार्मा शहरात जांबातिस्ता बोदोनी या टाइप घडवणाऱ्यांनी जाड आणि बारीक रेघांमधला फरक टोकाला नेला. त्याआधी बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल या मुद्रकाने गुळगुळीत कागद आणि गडद काळी शाई वापरून वाट करून दिली होती. खरखरीत कागदावर इतकी बारीक रेघ टिकलीच नसती. बोदोनी १८१३ मध्ये वारला. त्याच्या टाइपांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ १८१८ मध्ये त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला.

शिशाच्या टाइपात प्रत्येक आकाराचे अक्षर वेगळे कोरावे लागे. त्यामुळे लहान आकार कोरताना कारागीर बारीक रेघ थोडी जाड ठेवू शके. संगणकावर मात्र बहुतेक वेळा एकच अक्षर ताणून मोठे किंवा दाबून लहान करतात. याला अपवाद आहेत. १९९४ च्या आयटीसी बोडोनी या संगणकीय टाइपात ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचे माप) तीन निरनिराळी रेखाटने दिली आहेत.

हिशेब करून पाहा. समजा, बारीक रेघ अक्षराच्या आकाराच्या पन्नासाव्या भागाइतकी आहे. ७२ पॉइंटांत ती जवळजवळ दीड पॉइंट भरते, म्हणजे अर्धा मिलिमीटर. तेच अक्षर १० पॉइंटांत घेतले की रेघ उरते ०.२ पॉइंट, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. पाव पॉइंटाखालची रेघ आम्ही छपाईला घेत नाही. गडद रंगावर पांढरे अक्षर हवे असेल, तर निदान अर्धा पॉइंट लागतो, कारण भोवतालची शाई आत पसरते आणि रेघ बुजते.

देवनागरीत आणखी जपावे लागते. बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट्या बाजूला असतो, त्यामुळे जाड-बारीक रेघांचा कलही उलटा पडतो. बोदोनीचे गणित, म्हणजे उभे जाड आणि आडवे बारीक, जसेच्या तसे इकडे लावले तर शिरोरेखा दोऱ्याएवढी होते आणि शब्द सुटा सुटा दिसू लागतो. खरा धोका तिरक्या रेघेत आहे. 'ब' आणि 'ष' यांच्या पोटातली तिरकी रेघ पुसट झाली की 'बर्वे' चे 'वर्वे' होतात आणि 'विशेष' चे 'विशेप'. पत्रिकेवर यजमानांचे आडनावच चुकले, तर ती वाटायची कशी? म्हणून नावे, पत्ता, मुहूर्त, फोन नंबर हा सगळा मजकूर आम्ही साध्या, एकसारख्या जाडीच्या टाइपात बसवतो. जाड-बारीक टाइप वधूवरांच्या नावांना आणि मथळ्याला, तोही २४ पॉइंटांच्या वर.

मराठी आणि इंग्रजी एकाच घाटात हवे असेल, तर रोझा वन हा टाइप जरूर पाहा. जाड-बारीक रेघांमधला फरक त्यात भरपूर आहे, दोन्ही लिप्या एकमेकींना शोभतात आणि परवाना मुक्त असल्याने टाइपाचे वेगळे पैसे पडत नाहीत. वजन, म्हणजे अक्षराची जाडी, मात्र एकच आहे, त्यामुळे त्यातच ठळक किंवा हलके मागू नका. प्लेफेअर डिस्प्ले अनेकांना ठाऊक असतो, पण त्यात देवनागरी नाही. त्यात मराठी टाइप केले की संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो, आणि पुष्कळ नमुन्यांत मराठी ओळ परकी दिसते ती यामुळेच.

कागदाचे म्हणाल, तर आर्ट पेपर किंवा आर्ट कार्ड उत्तम. मॅपलिथो हा साधा, बिनचकाकीचा कागद शाई पितो. हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंग करायचे असेल, तर हा टाइप टाळाच. सोनेरी फॉइल या अक्षरावर फार खुलते, पण बारीक रेघ तुटण्याची भीती असते, म्हणून डाय, म्हणजे फॉइलचा ठसा, बनवण्याआधी रेघ थोडी जाड करून घेतो. रंगीत अक्षर चार रंगांच्या मिश्रणातून काढले आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा हलले, तरी बारीक रेघेला दुहेरी कड दिसते. एकच खास शाई घ्या. दुकानाच्या फलकासाठी व्हिनाइल कापताना बारीक टोके उचकटतात आणि रस्त्यापलीकडून तर ती दिसतही नाहीत. फलकावर आम्ही हा टाइप फक्त आतल्या, जवळून वाचायच्या पाट्यांना सुचवतो.

मजकूर युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर आधी कळवा, म्हणजे बदलून घेताना जोडाक्षरे आणि रफार तपासता येतील. प्रूफ मोबाइलवर मोठे करून तपासू नका, कारण तिथे प्रत्येक रेघ ठसठशीत दिसते. आम्ही ते मूळ मापात, ठरलेल्या कागदावर काढून देतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते चष्मा लावून वाचायला द्या, 'ब', 'व', 'ष', 'प' ही अक्षरे एकेक करून पाहा आणि मगच सही करा.