वारिओवेअर टच्ड की फील द मॅजिक? घासायचं दोन्हीत, पण गेम वेगळे

निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या मशीनच्या जुन्या गेम्सचा विषय निघाला की ही दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात. "तो नाही का, स्टायलसने, म्हणजे त्या पेनासारख्या काडीने, स्क्रीन घासायचा, छोटे छोटे वेडपट गेम असलेला" एवढंच कोणी म्हणालं तर त्याला नक्की कुठला हवाय ते देवालाच माहीत. गोंधळ होणारच म्हणा, कारण जपानमध्ये २ डिसेंबर २००४ ला निन्टेन्डो डीएस विकायला आला त्याच दिवशी हे दोन्ही गेम दुकानात होते, आणि ११ मार्च २००५ ला युरोपात डीएस आला तेव्हाही तेच. फक्त अमेरिकेत मधे अंतर पडलं, तिकडे डीएस जपानच्याही आधी म्हणजे २१ नोव्हेंबर २००४ ला आला, त्याच्यासोबत फील द मॅजिक आला आणि वारिओला फेब्रुवारी २००५ उजाडला. त्यात फील द मॅजिक काढणाऱ्या सेगा कंपनीने युरोपात त्याचं नाव बदलून प्रोजेक्ट रब ठेवलं. म्हणजे एकाच्या नावात टच, दुसऱ्याच्या नावात रब, आता बोला.

आधी मशीनबद्दल थोडं, कारण दोघांचा जन्मच त्यातून झालाय. डीएसला दोन छोट्या स्क्रीन, त्यातली फक्त खालची टचवाली, सोबत स्टायलस आणि एक बारका माईक. ही टच स्क्रीन आपल्या आत्ताच्या फोनसारखी नव्हती, ती दाबावर चालायची, त्यामुळे नखाने पण चालते आणि एका वेळी एकच जागा कळते, दोन बोटांनी काही करायचं म्हटलं तर गोंधळते. आयफोन यायला अजून अडीच वर्षं होती, खेळताना स्क्रीनला हात लावायचा ही सवयच कोणाला नव्हती. अशा वेळी एका हालचालीवर चाळीस तासांचा गेम उभा करण्यापेक्षा पंचवीस हालचालींचे पंचवीस तुकडे करून बघणं कुठल्याही कंपनीला सोपं, असं मला वाटतं. निन्टेन्डोनेही तेच केलं, सेगाच्या सॉनिक टीमनेही तेच केलं, फक्त तुकडा केवढा कापायचा यावर दोघांचं अजिबात जमलं नाही, आणि खरा फरक तिथेच आहे.

वारिओवेअरचा तुकडा म्हणजे तीन-चार सेकंद. बस. स्क्रीनवर एक चित्र येतं, वर एखाद-दुसरा शब्द, काप, घास, ओढ, असलं काहीतरी, आणि तुम्हाला कळायच्या आत वेळ संपत आलेली असते. ते केलं की लगेच पुढचं, ज्याचा मागच्याशी काडीचा संबंध नाही. असे साधारण १८० गेम आहेत, चार वेळा चुकलात की खेळ खलास, आणि जसजसे टिकाल तसतसा वेग वाढत जातो, म्युझिकसुद्धा पळायला लागतं. तोंडी परीक्षेला बसलोय आणि सर उत्तर पूर्ण व्हायच्या आत पुढचा प्रश्न टाकतायत, अशी अवस्था होते. यातल्या एकेका गेममध्ये करायचं काम इतकं सोपं असतं की पाच वर्षांचं पोरही करेल. अवघड असतं ते "अरे इथे करायचंय काय" हे ओळखणं. म्हणजे परीक्षा हाताची नाहीच, समजण्याच्या वेगाची आहे.

फील द मॅजिकमध्ये हे पार उलटं. इथे एक गोष्ट आहे, एका मुलाला रस्त्यात एक मुलगी दिसते, तो तिच्यावर फिदा होतो, आणि रब रॅबिट्स नावाची सशाचे कान लावलेली एक अतरंगी टोळी त्याच्या मदतीला येते. मग तिला इम्प्रेस करायला किंवा वाचवायला जे जे करावं लागतं ते सगळे मिनीगेम. गिळलेले गोल्डफिश पोटावरून वर घासत घासत तोंडातून बाहेर काढायचे (हो, खरंच), उधळलेले बैल तिच्यापर्यंत पोचायच्या आत टोचून टोचून हाकलायचे, तिच्या अंगावर चढलेले विंचू झटकायचे, मेणबत्त्या फुंकायच्या. काय करायचं ते आधीच नीट सांगितलेलं असतं, त्यात कोडं काही नाही. पण एकेक गेम बऱ्यापैकी लांब, टप्प्याटप्प्याने अवघड होत जाणारा, आणि तेवढा वेळ तीच हालचाल न चुकता करत राहायची. मनगट दुखतं अक्षरशः. वारिओत हरलात तर "मला कळलंच नाही" म्हणता, इथे हरलात तर "कळतंय सगळं, पण हातच चालेना" म्हणता.

गंमत म्हणजे वारिओमध्येही एक जागा अशी आहे जिथे तो सेगाच्या गेमसारखा होतो. प्रत्येक पात्राच्या स्टेजच्या शेवटी बॉस, म्हणजे शेवटचा मोठा गेम येतो, तो तीन सेकंदांचा नसतो, तिथे जरा बसून, हात स्थिर ठेवून खेळायला लागतं. ज्यांनी कुठेतरी नुसता बॉसचा व्हिडिओ बघितलाय त्यांना दोन्ही गेम सारखेच वाटले तर नवल नाही.

आता माझी एक तक्रार, आणि ती मला जास्त आवडणाऱ्या वारिओबद्दलच आहे. डीएसच्या आधीच्या गेमबॉय अॅडव्हान्स मशीनवर २००३ साली आलेल्या पहिल्या वारिओवेअरमध्ये बटणं म्हणजे दिशांचं क्रॉस आणि एक ए, तरीपण दरवेळी हबकायला व्हायचं. टच्डमध्ये त्यांनी हालचालीनुसार स्टेज वाटून टाकले. मोनाच्या स्टेजमध्ये कापायचं, अॅशलीच्या स्टेजमध्ये उचलून ओढायचं, माईकच्या स्टेजमध्ये फुंकायचं (तो कराओके रोबो आहे, नावच माईक, म्हणजे सरळ सांगूनच टाकलंय). मग होतं काय, स्टेज सुरू व्हायच्या आधीच अर्धं उत्तर हातात. ज्या गेमची सगळी मजा "आता काय" यात आहे त्यातलंच "आता काय" थोडं काढून घेतलं. नव्या मशीनची ओळख करून द्यायला म्हणून केलं असेल, समजू शकतो, पण पुढे जिथे सगळ्या हालचाली मिसळून येतात तिथे खेळताना लक्षात येतं की हे आधीपासूनच असं का नाही ठेवलं. त्यातल्या त्यात नाईन-व्होल्ट नावाच्या पात्राचा स्टेज धमाल, तिथे निन्टेन्डोचे जुने गेम तीन-चार सेकंदांत उरकायचे असतात, ज्यांनी आपल्याकडच्या व्हिडिओगेमच्या पिवळ्या कॅसेटवर मारिओ खेळलाय त्यांना पटकन ओळखू येईल.

फील द मॅजिकची तक्रार वेगळी. एक म्हणजे तो लवकर संपतो. दुसरं म्हणजे एखाद्या हालचालीत तुमचा हात बसत नसेल तर सुटका नाही, वारिओत न आवडलेला गेम तीन सेकंदांत जातो, इथे तो तुमच्या छातीवर बसतो. आणि ती मुलगी म्हणजे नुसतं बक्षीस असल्यासारखी वागवलीय, तिचे कपडे बदलायचा एक मोडसुद्धा आहे, आज खेळताना ते जरा ऑकवर्डच वाटतं. पण दिसायला गेम अफलातून आहे, माणसं सगळी काळ्या सावल्या, मागे सपाट भडक रंग, वीस वर्षांनंतरही जुना दिसत नाही. वारिओ याच्या उलट, एक चित्र वहीच्या कोपऱ्यात गिरबटल्यासारखं, पुढचं एकदम फोटो, काही मेळ नाही आणि तो मेळ नसणं हीच त्याची स्टाईल.

विकत घ्यायचे असतील तर डीएसची कार्ट्रिजं देशानुसार लॉक नसतात, त्यामुळे भाऊ-बहीण कोणी अमेरिकेत असो की जर्मनीत, तिकडची सेकंडहँड आणलेली इथल्या मशीनवर चालते, डीएसनंतर आलेल्या थ्रीडीएसवरही चालते. फक्त प्रोजेक्ट रब आणि फील द मॅजिक हे वेगळे समजून दोन्ही घेऊ नका, एकच आहे. द रब रॅबिट्स मात्र खरंच वेगळा, तो नंतर आला पण गोष्ट आधीची सांगतो. आणि जुनं मशीन घेताना खालची स्क्रीन उजेडात तिरकी धरून बघा, असले घासायचे गेम ज्याने मनापासून खेळलेत त्याच्या स्क्रीनवर ओरखडे असतातच, थोडे चालतील, पण मधोमध पट्टाच पडलेला असेल तर सोडून द्या.

फोनवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे डीएसची नक्कल करणाऱ्या अॅपमध्ये, खेळणारे पण असतील. वारिओ तिथे बऱ्यापैकी जमतो कारण टिचकी मारायची आणि पुढे जायचं. फील द मॅजिक मात्र बोटाने घासून खेळायला गेलात तर अर्धा वेळ तुमचंच बोट गोल्डफिशच्या मधे येतं, त्याला साधा रबरी टोकाचा स्टायलस घ्या. फुंकायच्या गेमला दोन्हीकडे फोनचा माईक नक्की कुठे आहे ते आधी शोधून ठेवा, बहुतेक फोनला तो खाली चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो.