अमेरिकेतील राज्य सेवा आयोग आणि अमेरिकॉर्प्स : कोणाचे काम काय?

अमेरिकेत समाजसेवेचा विषय निघाला की राज्याचा सेवा आयोग आणि अमेरिकॉर्प्स ही दोन नावे एका दमात घेतली जातात. दोहोंचे मूळ १९९३ च्या एकाच संघीय कायद्यात असल्याने हा घोळ समजण्यासारखा आहे, पण त्यांची कामे वेगळी आहेत.

अमेरिकॉर्प्स हा केंद्राचा समाजसेवेचा कार्यक्रम. २०२० पासून तो चालवणारी संघीय संस्थाही याच नावाने ओळखली जाते. त्यात दाखल झालेली व्यक्ती ठरावीक मुदतीसाठी बांधील असते (पूर्णवेळ सेवा म्हणजे साधारण १७०० तास) आणि तिला निर्वाह भत्ता मिळतो. सवडीनुसार येणाऱ्या विनामोबदला स्वयंसेवकांत तिला मोजणे म्हणूनच मला पटत नाही.

सेवा आयोग राज्याचा असतो. मतदानाचा अधिकार असलेले त्याचे १५ ते २५ सदस्य गव्हर्नर नेमतात. कॅलिफोर्नियात त्याचे नाव कॅलिफोर्निया व्हॉलंटिअर्स, तर वॉशिंग्टन राज्यात सर्व्ह वॉशिंग्टन आहे. राज्याचा सेवा आराखडा तयार करणे, संस्थांचे प्रस्ताव मागवून ते पारखणे, केंद्राकडून आलेले अनुदान त्यांना देणे आणि पुढे त्यावर देखरेख ठेवणे ही त्याची मुख्य कामे होत. केंद्राच्या त्या अनुदानातून स्वतः सेवा कार्यक्रम चालवण्याची मुभा मात्र त्याला नाही, आणि ते योग्यच आहे, कारण पैसे वाटणारा आणि घेणारा एकच असला तर देखरेखीला काही अर्थ उरत नाही.

एखाद्या शाळेत मुलांना वाचायला शिकवणारी अमेरिकॉर्प्सची तरुणी घेतली, तर हे स्पष्ट दिसते. तिची निवड एक स्थानिक संस्था करते आणि भत्ताही तीच देते. त्या संस्थेला अनुदान आयोगाकडून मिळते आणि आयोगाकडे ते येते केंद्राकडून, म्हणजे राजधानी वॉशिंग्टन डी.सी.हून. सेवा पूर्ण केल्यावर मिळणारी शिक्षणासाठीची रक्कम मात्र आयोगाकडून फिरून येत नाही, ती थेट केंद्राच्या निधीतून दिली जाते. त्यामुळे सेवेत शिरू पाहणाऱ्याने संस्थेकडे अर्ज करावा, आणि असे सेवक हवे असलेल्या संस्थेने राज्याच्या आयोगाचे दार ठोठावावे.

याला अपवादही आहेत. अनेक राज्यांत काम करणाऱ्या संस्था थेट केंद्राकडून अनुदान घेऊ शकतात. गरिबी निर्मूलनासाठी १९६५ मध्ये सुरू झालेला आणि पुढे अमेरिकॉर्प्समध्ये सामावलेला ‘व्हिस्टा’ हा कार्यक्रमही केंद्रच चालवते, त्याची सूत्रे आयोगाकडे नसतात.