माइको लिहायची की गेइको?

पांढराफटक चेहरा, केसांत गालापर्यंत लोंबणारी रेशमी फुलं, पाठीमागे घोट्यापर्यंत आलेला रुंद पट्टा, पायात उंच लाकडी खडावा. गेइशा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हीच बाई उभी राहते. वर्णन चोख आहे, पण ते माइकोचं आहे, म्हणजे साधारण पंधरा ते वीस वयाच्या, अजून शिकत असलेल्या मुलीचं. शिक्षण पुरं झालेल्या गेइशाला क्योटोत गेइको म्हणतात, आणि ती या मानाने बरीच साधी दिसते.

लेखी रोल-प्लेमध्ये, जिथे जो तो आपापल्या पात्राच्या वतीने आळीपाळीने पोस्ट लिहितो, हा घोळ कपड्यांपुरता राहत नाही. माइकोच्या वेषातलं पात्र गेइकोसारखं बोलायला लागतं. सतरा वर्षांची पोर भर बैठकीत कारखानदाराला चार शब्द सुनावते, मग रात्री केस मोकळे सोडून एकटीच कामो नदीकाठी फिरायला जाते. वाचणाऱ्याला कुठेतरी खटकत राहतं. शिवाय लिहिणाऱ्याचंच नुकसान होतं, कारण या दोघींना काय करता येतं आणि काय करता येत नाही, यातच त्यांच्या पोस्टचा सगळा मसाला आहे.

आधी गाव ठरवा. टोक्योत गेइको हा शब्द चालत नाही. तिथे गेइशाच म्हणतात, आणि शिकाऊ मुलीला हान्ग्योकू. क्योटोत अशा पाच वस्त्या आहेत: गिओन कोबू, गिओन हिगाशी, पोंतोचो, मियागावाचो आणि कामिशिचिकेन. प्रत्येकीची नृत्याची परंपरा वेगळी. गिओन कोबूत इनोऊए घराणं चालतं, पोंतोचोत ओनोए. एप्रिलमधला ‘मियाको ओदोरी’ हा जाहीर नृत्यसोहळा गिओन कोबूचा, 1872 पासूनचा. पोंतोचोचा ‘कामोगावा ओदोरी’ मेमध्ये असतो. तुमचं पात्र पोंतोचोचं असेल तर त्याला मियाको ओदोरीच्या तालमीला पाठवू नका, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

सगळा फरक केसांत आहे

माइकोचा केशसंभार तिच्या स्वतःच्या केसांचा असतो. मेण लावून, ओढून, बांधून केलेली ती रचना आठवडाभर टिकवायची असते. त्यामुळे ती साध्या उशीवर झोपू शकत नाही. मानेखाली उंच, अरुंद उशी घेऊन डोकं जवळजवळ अधांतरी ठेवायचं आणि झोपेत कूस बदलतानाही भान ठेवायचं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं ‘वारेशिनोबू’ नावाची रचना, मग ‘ओफुकू’. जाणकार पाहुणा नुसत्या मागच्या अंबाड्यावरून ओळखतो की ही मुलगी किती मुरलेली आहे.

गेइको केसांचा टोप घालते. संध्याकाळ संपली की तो काढून ठेवते.

या एका गोष्टीवर कितीतरी प्रसंग उभे राहतात. गेइको सकाळी जीन्स घालून बाजारात भाजी घेताना दिसली तर कोणी वळूनही बघणार नाही. तिला जुनी शाळासोबतीण भेटू शकते. काल ओळीने चार पेले रिचवणारा पाहुणा आज बायकोबरोबर समोरून येऊन तिला न ओळखता पुढे जाऊ शकतो. म्हणजे गेइकोला दोन आयुष्यं आहेत आणि लेखकाला त्यांच्यामध्ये ये-जा करता येते. माइकोला ती सोय नाही. चेहरा धुतला, साधा किमोनो घातला, तरी डोक्यावरचे केस ओरडून सांगतात की ही कोण आहे. घराबाहेर पडल्या क्षणापासून सगळी वस्ती तिला बघत असते, आणि कोपऱ्यावरचं तिचं वागणं ती घरी पोचायच्या आधी ओकासानच्या, म्हणजे घर चालवणाऱ्या बाईंच्या, कानावर जाऊ शकतं. गोष्ट आजच्या काळातली असेल तर त्यात पर्यटकांचे कॅमेरेही आले. गिओनमध्ये त्यांचा त्रास इतका वाढला की 2024 मध्ये तिथल्या खासगी गल्ल्यांत शिरायला मनाई झाली आणि 10,000 येन दंडाच्या पाट्या लागल्या. माइकोचं पात्र ओकियातून (राहत्या घरातून) ओचायापर्यंत (जिथे मैफल असते तिथपर्यंत) पाच मिनिटं चालत गेलं, एवढ्यावरही एक भरगच्च पोस्ट होते.

बाकीचे फरक भराभर सांगतो. माइकोची कॉलर लाल, तिच्यावर भरतकाम, आणि वर्षागणिक त्यात पांढरा वाढत जातो; गेइकोची कोरी पांढरी. माइकोचा ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, ‘दारारी’, पाच मीटरच्या वर लांबीचा, मागे दोन पदर सोडलेला आणि टोकाला घराचं चिन्ह. तो आवळून बांधायला ताकद लागते, म्हणून हे काम पिढीजात पुरुष करतात. गेइकोचा ओबी पाठीवर आटोपशीर गाठीत. माइकोच्या बाह्यांना आणि खांद्यांना लहान मुलीच्या कपड्यांसारख्या चुण्या घातलेल्या. पहिल्या वर्षी तिचा फक्त खालचा ओठ रंगवतात. पायात ‘ओकोबो’, सुमारे 10 सेंटिमीटर उंच आणि आतून पोकळ, त्यामुळे दगडी गल्लीत ती दिसायच्या आधी तिचा आवाज येतो.

यातलं काय वापरायचं? एका पोस्टमध्ये फार तर एक तपशील, आणि तोही काही काम करत असेल तर. पहिल्याच परिच्छेदात पात्राला डोक्यापासून पायापर्यंत सजवणारे लेखक दुसऱ्या खेळाडूला करायला काही ठेवतच नाहीत. तो बिचारा दुकानाच्या काचेसमोर उभा असल्यासारखा वाचत राहतो. चालताना ओकोबोचा आवाज अचानक थांबला, असं लिहिलंत तर मात्र त्याला विचारावंच लागतं, का थांबला?

गप्प बसणारी आणि बैठक चालवणारी

ओझाशिकीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, माइकोकडून गप्पांची फारशी अपेक्षा नसते. तिने नाचावं, पेले भरावेत, गोड दिसावं आणि थोरल्या बहिणीकडे बघून शिकावं. ही बहीण मानलेली असते: दोघींनी साकेचे तीन-तीन घोट घेऊन ते नातं जोडलेलं असतं, आणि धाकटीच्या नावात सहसा थोरलीच्या नावातलं एक अक्षर येतं. थोरली हारुनो असेल तर धाकटी हारुमे. धाकटीच्या चुकीबद्दल थोरलीला जाऊन माफी मागावी लागते. रोल-प्लेसाठी याहून बरी जोडी सापडणं कठीण, कारण एकीने काही केलं की दुसरीला काहीतरी करावंच लागतं.

गेइको बैठक चालवते. कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाला मागच्या वेळी कुठला विषय टोचला, कोणाची बढती हुकली, हे सगळं तिच्या डोक्यात असतं आणि चेहऱ्यावर त्यातलं काही नसतं. बैठकीत शामिसेन (तीन तारांचं वाद्य) वाजवणारी, गाणारी ‘जिकाता’ही गेइकोच, माइको नाचते. पैशाचा हिशोबही वेगळा. माइकोचा सगळा खर्च ओकिया करते, तिची मिळकत घराकडे जाते आणि तिच्या हातात खर्चायला थोडे पैसे येतात. कराराची वर्षं संपवून स्वतंत्र झालेल्या गेइकोला घरभाडं आणि किमोनो स्वतःच्या कमाईतून भागवावे लागतात. एक गेली दोन वर्षं ठरल्या वारी येणारा पाहुणा यायचा थांबला, तर माइकोच्या पोस्टमध्ये ती हुरहूर असेल. गेइकोच्या पोस्टमध्ये तोच पाहुणा महिन्याच्या जमाखर्चात दिसेल.

एक प्रसंग दोन्हीकडून लिहून पाहू. डिसेंबर आहे. मिनामिझा नाट्यगृहात काबुकीचा वर्षअखेरचा मोठा प्रयोग लागलाय, आणि या महिन्यात माइकोच्या केसांत नटांच्या नावांच्या पाट्यांसारख्या दोन छोट्या पाट्या असतात. त्या कोऱ्या मिळतात. आवडत्या नटाला गाठून त्याच्याकडून त्याच्याच हाताने नाव लिहून घ्यायचं असतं. पाहुण्याचं पात्र दुसरा खेळाडू लिहितोय आणि त्याने विचारलंय, ‘‘अजून कोऱ्याच? कोणाचं नाव घ्यायचं ठरलंय?’’ (पाहुण्याला दोघीही ‘ओनीसान’, म्हणजे दादा, म्हणतात.)

माइकोची पोस्ट:

‘‘साके ओतता ओतता तिचा हात थांबला. नाव आठवडाभर ओठांवर होतं. पण पलीकडे ताईचं शामिसेन जुळवणंही त्याच क्षणी थांबलं, म्हणून तिने आधी पेला भरला. ‘तुम्हीच ओळखा ना, ओनीसान,’ ती म्हणाली, आणि लगेच वाटलं, जरा जास्तच बोलले का?’’

आता तोच क्षण गेइकोच्या बाजूने:

‘‘तार जुळलेली होती तरी तिने खुंटी पुन्हा पिळली. पोरीच्या मनातलं नाव तिला ठाऊक होतं, आणि त्या नटाच्या काकाशी याच पाहुण्यांचं दोन वर्षांपूर्वी कशावरून फिसकटलं, तेही. ‘पाट्यांचं नंतर बघू, ओनीसान. आधी मागची बाकी. तोरा-तोरामध्ये तुम्ही तीनदा म्हातारी झालात आणि तीनदा वाघाने खाल्लं तुम्हाला. आज पडद्याआड कोण जाणार, तुम्ही की तुमचे मॅनेजरसाहेब?’ ’’

तोरा-तोरा म्हणजे अंगाने खेळायचं दगड-कागद-कात्री. पडद्याच्या दोन बाजूंना दोघे उभे राहतात आणि गाण्याच्या शेवटी तिघांपैकी एक होऊन बाहेर येतात: भालेवाला वीर, वाघ किंवा म्हातारी. वीर वाघाला मारतो, वाघ म्हातारीला खातो, आणि म्हातारी वीराची आई असल्याने वीर तिच्यापुढे हरतो. बैठकीतल्या असल्या खेळांना रोल-प्लेमध्ये सढळ हाताने जागा द्या. त्यात पुढची चाल आपोआप समोरच्याकडे जाते.

दोन्ही पोस्टमध्ये पाहुणा हसला, लाजला की चिडला, हे लिहिलेलं नाही. तो त्याच्या खेळाडूचा हक्क आहे. पण माइकोच्या पोस्टमध्ये कळतं थोडं आणि वाटतं फार, तर गेइकोच्या पोस्टमध्ये कळतं फार आणि बोलायचं त्याहून वेगळंच. माइकोने काकाचं भांडण माहीत असल्यासारखं वागायचं नाही. गेइकोने घाबरून पेला सांडायचा नाही, आणि सांडलाच तर त्यामागे तसंच कारण हवं.

डोळ्यांतल्या खोल दुःखाविषयी एक विनंती. गेइशाचं पात्र म्हटलं की हे दुःख पहिल्या ओळीत येतंच, का कोण जाणे. लोक ओझाशिकीत हसायला येतात, आणि तिथली बाई हजरजबाबी नसेल तर तिला कोण बोलावेल? आधी एक तरी विनोद लिहा. दुःखाला पुढे पुष्कळ जागा आहे.

ऋतूचंही दोघींचं वेगळं. माइकोच्या केसांतली फुलं महिन्यागणिक बदलतात: फेब्रुवारीत उमे (प्लमची फुलं), मार्चमध्ये मोहरीसारखी पिवळी फुलं, एप्रिलमध्ये साकुरा, मेमध्ये विस्टेरिया, जूनमध्ये विलो, नोव्हेंबरात मेपलची पानं. जानेवारीत भाताची खरी लोंबी असते. तिचे दाणे मागून घेऊन पाहुणे पाकिटात जपून ठेवतात. जानेवारीतली ही लोंबी सोडली तर गेइकोच्या केसांत असं काही लोंबत नाही. तिच्या पोस्टमध्ये महिना दाखवायचा तर कापडाकडे वळा: ऑक्टोबर ते मे अस्तराचा किमोनो, जून आणि सप्टेंबरात बिनअस्तरी, जुलै-ऑगस्टमध्ये जाळीदार.

ओबी पुढे बांधलेली आणि उंच खडावांवरून मिरवत जाणारी बाई या दोघींपैकी कोणीच नाही. ती ओइरान, परवान्याच्या वेश्यावस्तीतली. अशा वस्त्या जपानात 1958 साली कायद्याने बंद झाल्या. तिचे तपशील गेइशाला चिकटवू नका. आणि माइकोचं पात्र घ्याल तेव्हा तिचं वय विसरू नका. ती बरेचदा अल्पवयीन असते. तिच्याभोवती शृंगार रचायचा नाही, हे खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी स्पष्ट बोलून घ्यावं. जपानात दारू पिण्याचं वय 20 आहे, तेव्हा पेले भरणाऱ्या माइकोच्या हातात स्वतःचा पेला नको. 2022 मध्ये एका माजी माइकोने अल्पवयात दारू पाजल्याचे आरोप जाहीरपणे केले आणि त्यावर बरीच चर्चा झाली. गोष्ट आजची असेल तर हा विषय तुमच्या पात्रांच्या कानावर आलेला असणार.

लांब चालणाऱ्या खेळात दोन्ही पात्रं एकाच मुलीत लिहिता येतात. विशीच्या आसपास ‘एरिकाए’ होतं, लाल कॉलर जाऊन पांढरी येते. त्याआधीचे काही आठवडे ‘साक्को’ ही शेवटची केशरचना आणि दात काळे केलेले. पांढरी कॉलर आली की काल सगळ्या माइकोंमध्ये थोरली असलेली मुलगी आज सगळ्या गेइकोंमध्ये धाकटी होते, आणि जिच्या गप्प बसण्याचं कौतुक होत होतं तिच्याकडे पाहुणे आता बोलण्याच्या अपेक्षेने बघतात. हा टप्पा गाठायचा असेल तर थोरल्या बहिणीचं पात्र लिहिणाऱ्या खेळाडूला बरंच आधी सांगून ठेवा. समारंभात तिचं काम तुमच्याइतकंच असतं, आणि त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत तिने तुम्हाला सावरून घ्यायचं की बोलू द्यायचं, हे तिला ठरवायचं असतं.