माशीचा सातबारा

फेब्रुवारी सरत आला की नाशिक-नगरकडच्या शिवारात कांद्याचे डोंगळे फुलतात. उंच पोकळ दांडे आणि टोकाला पांढरे गोंडे. पुढच्या हंगामाचं उळं, म्हणजे कांद्याचं बी, इथेच तयार होतं. याच सुमारास एकर-दोन एकर डोंगळे लावलेला शेतकरी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणायचं मनावर घेतो.

कांद्याला मधमाशीची गरज पडते ती त्याच्या फुलाच्या वेळापत्रकामुळे. एका गोंड्यात शेकडो फुलं, प्रत्येक फुलात सहा पुंकेसर. ते आधी पिकतात, पराग सोडून मोकळे होतात आणि मग कुठे त्याच फुलातली कुक्षी पराग घ्यायला तयार होते. नवरा मांडवातून उठून गेल्यावर नवरीने यावं, तसला प्रकार. म्हणजे पराग दुसऱ्या फुलातून आणावा लागतो, आणि तो चिकट असल्याने वाऱ्याच्या भरवशावर राहता येत नाही. एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरतात. प्रत्यक्षात किती धरतील, ते येणाऱ्या-जाणाऱ्या किड्यांवर ठरतं.

मग पेट्या आणल्या की काम झालं? इथेच हिशेब चुकतो. पेटी भाड्याने मिळते, माशी नाही. ती कुठे चरायला जाईल हे तिचं ती ठरवते. अन्न शोधत माशी दोन किलोमीटर सहज जाते. पेटीभोवती दोन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा: सुमारे 1,250 हेक्टर, म्हणजे तीन हजारांहून जास्त एकर. पेटीत पाळतात ती आपली देशी सातेरी माशी त्या मानाने घराजवळ राहते. तिला एकच किलोमीटर धरलं तरी पावणेआठशे एकर होतात. तुमच्या सातबाऱ्यावर एक एकर, माशीच्या सातबाऱ्यावर अख्खं शिवार!

आणि त्या शिवारात कांदा काही तिचा लाडका नाही. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचं प्रमाण खूप असतं आणि ते माश्यांना रुचत नाही. शेजारी कोथिंबीर धन्यासाठी सोडलेली असेल किंवा मोहरी फुलली असेल, तर माश्या बांध ओलांडून तिकडे जातात. हा निर्णय होतो पेटीच्या आत, अंधारात. चांगलं अन्न सापडलेली माशी पोळ्यावर नाचून बहिणींना पत्ता सांगते: नाचाची उभ्या रेषेशी असलेली तिरकी दिशा म्हणजे सूर्यापासूनचा कोन, नाच जितका लांबेल तितकं अंतर जास्त. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि 1973 साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं असं की मकरंद जितका सरस, तितका नाच जोरात आणि पुन्हा पुन्हा. बेताच्या मालाची जाहिरात माशी करत नाही.

म्हणून पेट्या कधी आणायच्या याला फार महत्त्व आहे. डोंगळे फुलायच्या आधीच आणून ठेवल्या तर माश्या दुसरं फूल शिकतात, आणि एकदा शिकलेलं फूल माशी सहजासहजी सोडत नाही. शेकडा दहाएक फुलं उमलली की पेट्या याव्यात. त्याही आपल्याच गावातून उचलून आणू नयेत. माशीला जुनी जागा पाठ असते, ती तिकडेच परत जाते. किमान तीन किलोमीटर लांबून आणलेली पेटी बरी. नव्या जागी सकाळी दार उघडलं की माश्या बाहेर पडतात आणि पेटीकडे तोंड करून वाढत जाणारे वळसे घेत राहतात. पाहुणी घराची खूण लक्षात ठेवते आहे, असं समजावं.

पेटी मोजून घेण्यापेक्षा उघडून घ्यावी. दोन अशक्त पेट्यांपेक्षा माश्यांनी गच्च भरलेली एक पेटी जास्त काम करते. पोळ्यात पिल्लं असलेल्या जागी 34-35 अंश तापमान राखावं लागतं. घर लहान असेल तर बहुतेक माश्या त्या उबेतच अडकतात. चौकटीवर अळ्या दिसायलाच हव्यात. अळ्यांना पराग भरवावा लागतो, म्हणून अशा घरातल्या माश्या पराग गोळा करायला जास्त बाहेर पडतात.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, फवारणी. डोंगळ्यावर फुलकिडे येतात, हे खरं. पण त्यांचा बंदोबस्त फुलं उमलण्याआधी करायचा. तुम्ही हात आवरला तरी शेजाऱ्याने भर दुपारी फुलोऱ्यातल्या पिकावर कीटकनाशक मारलं तर मरतात तुमच्याच पेटीतल्या माश्या, कारण ते शेतही त्यांच्या सातबाऱ्यात आहे. म्हणून पेट्या आणण्याआधी चार घरी जाऊन सांगणं हे मला पेटीच्या भाड्याइतकंच गरजेचं वाटतं. मारायचंच असेल तर माश्या घरी परतल्यावर, तिन्हीसांजेनंतर.

बाकीची व्यवस्था सोपी आहे. झाडाची सावली, पेटी ठेवायच्या घोडीच्या पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या, आणि जवळच उथळ ताटलीत पाणी व खडे. मार्चच्या उन्हात माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालून घर थंड ठेवतात. तारेवर बसलेला वेडा राघू मात्र चार माश्या खाणारच.

भाडं देण्याआधी एक करून पाहा. सकाळी दहाच्या सुमारास गोंड्यांमध्ये पाच मिनिटं नुसते उभे राहा. वडावरच्या पोळ्यातल्या आग्या, कुंपणातल्या इवल्या फुलोरी माश्या कदाचित आधीच कामाला लागलेल्या असतील, तेही फुकट. आपण मात्र आग्याचं पोळं दिसलं की जाळायला धावतो.

बी धरलं की पेट्या परत जातात, पण दिवसाउजेडी कधी उचलू नयेत. तेव्हा कितीतरी माश्या रानात असतात. संध्याकाळी त्या परततात आणि रिकाम्या घोडीभोवती घिरट्या घालत राहतात.