हिवराला बाभूळ म्हणू नका

सोलापूर, अहिल्यानगर आणि पुण्याच्या पूर्वेकडच्या माळांवर दिसेल त्या काटेरी झाडाला बाभूळ म्हणून मोकळं होण्याची सवय पडली आहे. हिवर हे त्यातलंच एक, पण वेगळं झाड. त्याला ‘पांढरी बाभूळ’ म्हणतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. नावापुरतीच चूक असती तर सोडून देता आली असती. पण हिवराच्या जागी बाभळीची रोपं लावली जातात, ती दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतात आणि मग ‘या माळावर काही जगत नाही’ असा शिक्का बसतो.

बाभूळ सगळ्यांच्या ओळखीची आहे: काळं, उभ्या भेगांचं खोड, पानांच्या बेचक्यात पिवळेधमक गोंडे, मण्यांच्या माळेसारखी शेंग. हिवराची शेंग मात्र चपटी, किंचित वाकडी, पट्टीसारखी. त्याचे गोंडे फिकट असतात आणि फांदीच्या टोकाला मोठ्या फांद्याळ तुऱ्यात येतात. पावसाच्या अखेरीस अख्खं झाड त्यांनी झाकून जातं. काट्यांवरून ओळखायला जाऊ नये. दोघांचेही काटे सरळ आणि जोडीने येतात, आणि जुन्या बाभळीला ते कधी कधी नसतातच.

सालीवर मात्र बरेच जण फसतात. हिवराच्या शास्त्रीय नावातल्या ‘ल्युकोफ्लीया’चा अर्थच पांढऱ्या सालीचा. पण म्हाताऱ्या हिवराचा बुंधा खाली काळपट, खडबडीत होतो आणि पाहणारा तिथेच निकाल देतो. नजर डोक्याच्या वर न्यावी. फांद्या पांढरट-पिवळसर दिसल्या तर तो हिवर.

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात आज दोघं वॅचेलिया या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) आहेत, जाती मात्र वेगळ्या. खैर सेनेगालिया या दुसऱ्या प्रजातीत गेला. वेड्या बाभळीचा इथे संबंध नाही. ती अमेरिका खंडातून आणलेली, वेगळ्याच गटातली आहे. तिला बाभूळ म्हणणं थांबलं तर फार बरं होईल.

आता खरा प्रश्न: इतके जवळचे भाऊबंद एकाच शिवारात कसे नांदतात? ‘दोघं कोरडवाहू, दोघांना एकच जमीन चालते’ हे उत्तर चुकीचं आहे. शिवार एक असलं तरी त्यात जमिनी दोन असतात. बाभूळ पाणी थांबतं तिथली: ओढ्याकाठची, तळ्याच्या पोटातली, खोल काळ्या चिकण मातीतली. काही महिने पाण्यात उभं राहणंही तिला सोसतं. तमिळनाडूत तलावांच्या बुडीत पट्ट्यात ती मुद्दाम लावत आले आहेत. हिवर पाणी वाहून जातं तिथला: उतारावरच्या उथळ मुरमाचा. काळ्या जमिनीतही तो येतो, पण तुंबलेलं पाणी त्याला मानवत नाही. बांधावर दोघं शेजारी दिसले, तर त्या काही पावलांत मातीची खोली बदलली आहे का ते आधी पाहावं.

दुसरा फरक तोडीनंतर कळतो. हिवर मुळांतून भरपूर फुटवे काढतो, त्यामुळे कुऱ्हाड लागलेल्या माळावरही तो टिकून राहतो. बाभळीची ही ताकद कमी. तिची भिस्त बियांवर. शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात, पोटातून गेलेलं बी चांगलं उगवतं आणि लेंड्यांबरोबर पसरतं. पण तिच्या रोपाला भरपूर ऊन लागतं. दाट गवतात किंवा सावलीत ते मागे पडतं.

म्हणून लावण्याआधी पहार मारून पाहावी. फूटभरावर मुरूम लागला तर तिथे बाभळीचा हट्ट धरू नये. तिथे ती आली तरी खुरटते. बी दोन्हींचं टणक असतं: पाणी उकळावं, भांडं खाली उतरवावं, त्यात बी टाकून चोवीस तास तसंच राहू द्यावं. शक्य असेल तर पावसाच्या तोंडाला ते जागेवरच पेरावं. रोपवाटिकेच्या पिशवीत सोटमूळ वळतं, आणि वळलेलं मूळ मुरमात खाली उतरत नाही.

माळावर दाट लागवडही करू नये. दोन हिवरांत किमान दहा मीटर अंतर हवंच. मधलं पवन्या-कुसळीचं गवत ही रिकामी जागा नाही; चिंकारा आणि मेंढरं तिथेच चरतात.